रणगाड्याच्या पोटाखालीं

पन्नाशी उलटलेल्या गृहस्थानें रात्रीं दिव्याखालीं बसून प्लास्टिकचे रणगाडे जोडावे, हें आमच्या मानोऱ्यासारख्या तालुक्याच्या गांवीं चमत्कारिकच दिसतें. बाजारांत गोष्टी कापसाच्या नि तुरीच्या, घरांत मुलींच्या स्थळांच्या. त्यांत हा उद्योग कोठें बसवावयाचा? परंतु अठरा वर्षांच्या खंडानंतर आम्हीं तो पुन्हां हातीं घेतला आहे, आणि ज्या वाचकांच्या माळ्यावर असाच एखादा अर्धवट छंद धूळ खात पडला असेल त्यांच्यासाठीं चार शब्द लिहीत आहों.

माळ्यावरून खोकें उतरविलें तेव्हां आंत स्टुअर्ट जातीच्या हलक्या रणगाड्याची प्रतिकृति होती. सांगाडा जोडलेला, बुरूज सुटा. इतक्या वर्षांत काय टिकतें आणि काय टिकत नाहीं, हें पाहण्यासारखें असतें. प्लास्टिकचे भाग जसेच्या तसे होते. रंगांच्या डब्यांत मात्र दगड झाले होते. मऊ रबरासारख्या पदार्थाचे पट्टे हात लावतांच तुटले, आणि जेथें ते सांगाड्यास टेकले होते तेथें प्लास्टिक वितळल्यासारखें खड्ड्यांत गेलें होतें. पट्टा मऊ राहावा म्हणून त्यांत घातलेलें द्रव्य हळूहळू शेजाऱ्यांत उतरतें, त्याचा हा परिणाम. पाण्यांत भिजवून चिकटवावयाचीं चिन्हें पिवळीं पडलीं होतीं. त्यांवर उपाय फुकटचा आहे: कागद खिडकीच्या कांचेस आंतून चिकटवून उन्हांत ठेवावा, पिवळेपणा उतरतो. वऱ्हाडच्या वैशाखास असा उपयोग असेल, असें आम्हांस पूर्वीं कधीं वाटलें नव्हतें. तेंच ऊन रंगकामास मात्र वैरी. दुपारीं कुंचल्यावरचा रंग कामावर पोहोंचण्यापूर्वींच वाळतो. म्हणून आमचें रंगकाम पहांटे चालतें.

हें काम एकास पस्तीस या प्रमाणाचें. जपानच्या शिझुओका शहरांतील टामिया कंपनीनें १९६० नंतरच्या आरंभींच्या वर्षांत पँथर रणगाड्याची प्रतिकृति काढली, तेव्हां आंत विजेची मोटर व बॅटऱ्या मावाव्या एवढा तिचा आकार धरला. तेंच प्रमाण पुढें जगभर रूढ झालें. यांत साडेपांच फुटांचा मनुष्य पांच सेंटिमीटरांहून किंचित् कमी भरतो. वजनाची गंमत निराळी. लांबी, रुंदी व उंची तिन्ही पस्तिसांनीं भागावयाच्या, म्हणजे वजन बेचाळीस हजारांहून अधिक पटींनीं उतरतें. चौदा टनांचा रणगाडा सव्वातीनशें ग्रॅम व्हावा. प्रतिकृति त्याहूनही पुष्कळ हलकी असल्यामुळें तिचा पट्टा चाकांवर स्वतःच्या भारानें टेकत नाहीं. तो डिंकानें टेकवावा लागतो.

स्टुअर्टच कां, असें पुष्कळजण विचारतात. मोठ्या रणगाड्यांची कीर्ति आम्हांस ठाऊक आहे. अहमदनगर येथें, म्हणजे आतांच्या अहिल्यानगरांत, १९९४ सालीं उघडलेल्या रणगाडा-संग्रहालयांत सेंच्युरियन, पॅटन व आपला विजयंता हे आम्हीं डोळे भरून पाहिले आहेत. पुण्यास जन्मलेले सेकंड लेफ्टनंट अरुण खेत्रपाल १६ डिसेंबर १९७१ रोजीं बसंतरच्या लढाईंत लढतां लढतां पडले, ते सेंच्युरियनमध्येंच. स्टुअर्ट त्यापुढें खेळण्यासारखा. तोफ अवघी ३७ मिलिमीटरांची. तथापि १ नोव्हेंबर १९४८ रोजीं सुमारें साडेअकरा हजार फुटांवरील झोजी ला खिंड ज्यांनीं फोडली ते हेच रणगाडे. शत्रूस सुगावा लागूं नये म्हणून त्यांचे बुरूज उतरवून निराळे नेले होते.

त्याच वर्षाच्या एप्रिलांतील एक हकीकत आम्हांस त्याहून मोठी वाटते. नौशेराहून राजौरीस जाणाऱ्या रस्त्यावर सुरुंग पेरलेले, झाडें पाडून वाट अडविलेली. बॉम्बे सॅपर्सचे सेकंड लेफ्टनंट राम राघोबा राणे, कारवारकडचे, ८ तारखेस जखमी झाले तरी मागें फिरले नाहींत. ते रणगाड्याच्या पोटाखालीं शिरले, त्याच्याबरोबर सरपटत पुढें गेले, आणि दोराच्या खुणेनें चालकास वाट दाखवीत राहिले. पुढें त्यांस परमवीर चक्र मिळालें. ही हकीकत आम्हीं अनेकदां वाचली होती. परंतु या खेपेस प्रतिकृतीचें पोट जमिनीपासून मोजलें तों जागा जेमतेम सव्वा सेंटिमीटर भरली. पालथ्या मनुष्याच्या छातीस त्याच प्रमाणांत सात मिलिमीटर लागतात. उरलें किती, तर अर्धा सेंटिमीटर. खऱ्या मापांत वीतभरही नाहीं, आणि दोन्ही बाजूंस पट्टे फिरत आहेत. सौभाग्यवतींस युद्धाचीं खेळणीं घरांत आवडत नाहींत, आणि त्यांचें म्हणणें अगदींच गैर आहे असें आम्ही म्हणणार नाहीं. पण तो फटीएवढा अंतराय त्यांनींही पाहिला, आणि कांहीं न बोलतां भिंग परत दिलें.

आतां चाकांविषयीं. जमिनीवरचीं आठ चाकें अठरा वर्षांपूर्वीं आमच्या वडिलांनीं रंगविलीं होतीं. निवृत्तीनंतर ते आजारी असतां वेळ जावा म्हणून आम्हीं त्यांच्यापुढें डबी ठेविली. हात कांपत असे. हिरवा रंग धांवेच्या काळ्यावर सर्वत्र गेलेला आहे. ते गेले आणि खोकें माळ्यावर चढलें. आज नियमाप्रमाणें तो रंग खरवडून चाकें पुन्हां रंगवावयास हवीं. या कलेंतील कोणीही जाणता तेंच सांगेल. शिवाय तो हिरवा आतां मिळत नाहीं, आणि नव्या सांगाड्याशीं जुळणार नाहीं. आमचाही हात पूर्वींचा राहिलेला नाहीं. दोन्ही मनगटें टेबलाच्या कडेस टेकविल्यावांचून रेघ सरळ येत नाहीं.

चाकें आम्हीं तशींच ठेवणार आहों. सबंध रणगाडाच त्या चाकांच्या रंगाचा करावयाचा ठरला आहे. पंधरा दिवस पत्र्याच्या तुकड्यांवर प्रयोग चालले. काल पहांटे रंग जुळला. हिरव्याचे सात थेंब, तपकिरीचे दोन, पिवळ्याचा एक. प्रमाण डबीच्या झांकणावर लिहून ठेविलें आहे.