हिमनदीच्या खुणा : समोच्च रेषा आणि उजेडाची दिशा

हिमनदी खडक कशी कोरते आणि कोरलेला गाळ कोठे टाकते याची मांडणी मागील लेखात झाली. बर्फ वितळून हजारो वर्षे उलटल्यावर त्या क्रियेच्या खुणा कागदावर आणि पडद्यावर कशा शोधल्या जातात, हा या लेखाचा विषय आहे. त्यासाठी प्रामुख्याने दोन साधने वापरली जातात. पहिले साधन म्हणजे स्थलनिर्देशक नकाशा, ज्यात समान उंचीची ठिकाणे जोडणाऱ्या समोच्च रेषांनी भूपृष्ठाचे चढउतार दाखवलेले असतात. दुसरे म्हणजे अंकीय उंची प्रतिमान, ज्यात भूपृष्ठाचे सारख्या मापाच्या चौकोनांत विभाजन करून प्रत्येक चौकोनाला उंचीचा एक आकडा दिलेला असतो. नकाशातील रेषा सर्वेक्षकाच्या नजरेखालून गेलेली असते, प्रतिमानातील आकडा बहुधा तसा गेलेला नसतो, आणि या दोहोंच्या उणिवा वेगवेगळ्या ठिकाणी उघड्या पडतात.

चौखंबा (७,१३८ मीटर) शिखरसमूहापासून वायव्येस गोमुखापर्यंत सुमारे ३० किलोमीटर पसरलेली गंगोत्री हिमनदी या दृष्टीने उत्तम उदाहरण ठरते. भारतीय सर्वेक्षण विभागाच्या १:५०,००० प्रमाणाच्या नकाशांवर हिमालयात दोन लगतच्या समोच्च रेषांमधील उंचीचे अंतर सामान्यतः ४० मीटर असते. एवढ्या अंतरातही मोठी भूरूपे ठळकपणे उमटतात. तळाशी विरळ आणि दोन्ही बाजूंना एकदम दाटलेल्या रेषा ‘यू’ आकाराची दरी दाखवतात. नालाच्या आकारात वळलेल्या, मागच्या बाजूस दाट आणि मध्यभागी विरळ झालेल्या रेषा हिमगव्हर, म्हणजे बर्फाने डोंगरउतारावर कोरलेला खोलगट खळगा, सुचवतात. उपनदीच्या वरच्या भागात विरळ असलेल्या रेषा मुख्य दरीच्या काठाशी अचानक एकवटल्या तर ती लोंबती दरी, म्हणजे मुख्य दरीच्या तळापेक्षा बरीच वर उघडणारी उपदरी, असण्याची शक्यता असते. आणि शिवलिंग शिखरासारखे (६,५४३ मीटर) गिरिशृंग, म्हणजे चहूबाजूंनी कोरले गेलेले टोकदार शिखर, तर नवख्या वाचकालाही ओळखता येते. अडचण येते ती हिमोढांची, म्हणजे हिमनदीने वाहून आणून काठाला अथवा टोकाला रचलेल्या दगडमातीच्या बांधांची. तीस मीटर उंचीचा बांध दोन रेषांच्या मधल्या जागेत पूर्णपणे हरवू शकतो, आणि जुन्या हिमनदीची व्याप्ती ठरवण्यासाठी नेमके हेच बांध सर्वांत मोलाचे असतात.

अंकीय प्रतिमानांमुळे ही उणीव बरीचशी भरून निघाली. फेब्रुवारी २००० मध्ये ‘एंडेव्हर’ अवकाशयानाने रडारच्या साहाय्याने ११ दिवसांत ६० अंश उत्तर ते ५६ अंश दक्षिण अक्षांशांमधील भूभाग मोजला. ५ मे २००५ रोजी प्रक्षेपित झालेल्या भारताच्या कार्टोसॅट-१ उपग्रहाने एकाच जागेची पुढून आणि मागून अशी दोन चित्रे घेऊन त्यांवरून उंची काढण्याची सोय केली. सीमावर्ती हिमालयाचे तपशीलवार नकाशे दीर्घकाळ निर्बंधित असल्यामुळे खुली मिळणारी प्रतिमाने अभ्यासकांना वरदानच ठरली. तथापि अरुंद दऱ्यांत रडारची छाया पडून मापनात खिंडारे राहतात, आणि ताज्या पांढऱ्या बर्फावर दोन चित्रांतील समान बिंदू जुळवणे कठीण होते. त्याखेरीज ३० मीटरच्या चौकोनात बांधाचा अरुंद माथा बोथट होतो, ही गोष्ट वेगळीच.

याहून फसवा दोष मात्र आकड्यांत नसून पाहण्याच्या रीतीत आहे. प्रतिमानावर कल्पित सूर्याचा उजेड टाकून छायांकित प्रतिमा तयार केली जाते आणि बहुतेक संगणक-प्रणालींत हा सूर्य, वेगळी सूचना दिली नाही तर, वायव्येला म्हणजे ३१५ अंशांवर ठेवलेला असतो. हिमालयात खरा सूर्य वायव्येकडून कधीच असा तळपत नाही. परंतु उजेड वरच्या डाव्या बाजूने आला तरच डोळ्याला डोंगर डोंगरासारखा दिसतो, अन्यथा दरी उंचवट्यासारखी भासते, म्हणून हा संकेत रूढ झाला. गंगोत्री हिमनदी वायव्येकडेच वाहते, तिचे काठचे हिमोढही त्याच दिशेने पसरलेले आहेत, आणि त्यांचे दोन उतार ईशान्येला व नैर्ऋत्येला तोंड करून आहेत. वायव्येचा उजेड या दोन्ही उतारांवर जवळपास सारखाच पडत असल्याने दोन्ही एकाच राखाडी छटेत मिसळतात आणि बांध दिसेनासा होतो. सूर्य ईशान्येला नेला की तोच बांध ठसठशीत उठून दिसतो, पण दरीला आडवे असलेले, हिमनदीच्या टोकाचे हिमोढ आता फिके पडतात. म्हणून एकाच उजेडात काढलेला हिमोढांचा नकाशा अपुरा मानावा. अनेक दिशांचा उजेड आणि जोडीला उजेडावर अवलंबून नसलेला उताराचा नकाशा, हीच विश्वासाची पद्धत आहे.

दोन काळांतील प्रतिमाने एकमेकांतून वजा करून हिमनदीची जाडी किती घटली हे काढतानाही सावधगिरी लागते. पंचेचाळीस अंशांच्या उतारावर दोन प्रतिमाने आडव्या दिशेने ३० मीटर सरकलेली असली, तर बर्फ तसूभरही न वितळता उंचीत ३० मीटरचा खोटा फरक दिसू शकतो. तो ओळखण्यासाठी बर्फाबाहेरच्या स्थिर खडकावर वजाबाकी शून्याजवळ येते का, हे आधी तपासले जाते.

एवढे करूनही आकारावरून कारण सिद्ध होत नाही. हरिश्चंद्रगडाच्या कोकणकड्याची समोच्च रेषांतील नालाकृती कमान एखाद्या हिमगव्हराची वाटावी अशी आहे, आणि सह्याद्रीत तर हिमनदी नव्हती. काराकोरममध्ये हिमोढ म्हणून नोंदलेले अनेक दगडांचे ढीग प्रत्यक्षात प्रचंड दरडींचे अवशेष असल्याचे केनेथ ह्यूइट या भूगोलज्ञाने दाखवून दिले. म्हणून भागीरथीची प्राचीन हिमनदी गोमुखापासून सुमारे ४० किलोमीटर खाली, हर्सिलच्या पुढील झाला या गावापर्यंत पोहोचली होती, हे अनुमान केवळ रुंद तळाच्या दरीवरून करता येत नाही, कारण असा सपाट तळ नदीच्या गाळानेही भरून निघू शकतो. त्यासाठी जागेवर जाऊन दगडांचे घासलेले पृष्ठभाग, त्यांवरील चरे आणि लहानमोठ्या दगडांची न निवडलेली सरमिसळ पाहावी लागते. जेथे ही पडताळणी झालेली नसते तेथे काळजीपूर्वक काढलेल्या नकाशात हिमोढाची रेषा अखंड न काढता तुटक काढतात.