पाणीदार पातं

फराळाचे डबे तळाला गेले की माळ्यावरच्या सॅक खाली उतरतात. पाऊस संपलेला, वाटा कोरड्या, रात्री थंडीच्या. सह्याद्रीत भटकायचा हंगाम हाच. या दिवसांत नवखी ट्रेकर मंडळी मला हमखास विचारतात, "चाकू कोणता घेऊ?" सोबत मोबाइलवर फोटो असतो: वीतभर लांबीचं काळं पातं, पाठीला करवतीचे दाते, मुठीत होकायंत्र. माझं उत्तर ठरलेलं आहे. पातं तळहाताच्या रुंदीएवढं पुरे, आणि ते स्वतःच्या हाताने पाजवता आलं पाहिजे.

हे मी रक्त सांडून शिकलो. राजमाचीच्या मुक्कामी चूल पेटवायला लाकडाच्या ढलप्या काढत होतो. चाकू रस्त्याकडेच्या दुकानातला, घडीचा, एकात बारा अवजारं असलेला. टोक लाकडात रुतलं, मी जोर लावून ते वळवायला गेलो आणि पातं उलट फिरून तर्जनीवर मिटलं. चार टाके पडले. त्या चाकूला लॉक नव्हतंच. पातं उघडं राहत होतं ते नुसत्या स्प्रिंगच्या दाबावर.

म्हणून घडीचा चाकू घेताना आधी लॉक बघा. दुकानातच पातं उघडा, बोटं पात्याच्या वाटेतून बाजूला ठेवा आणि पात्याच्या पाठीवर हळूहळू दाब वाढवत न्या. जरा जरी सरकलं, तरी परत द्या. मग टोक धरून डावी-उजवीकडे हलवा. खुळखुळणारं पातं कालांतराने आणखी सैल होतं. स्वित्झर्लंडमधल्या इबाखच्या कार्ल एल्सनर यांनी १८८४ मध्ये कारखाना काढला आणि १८९१ पासून स्विस सैन्याला चाकू पुरवले. व्हिक्टोरिनॉक्स तो हाच. त्यांचा लाल चाकू मलाही प्रिय आहे. कात्री, चिमटा, डबा उघडणी, सगळं कामाचं. पण ९१ मिलिमीटरच्या नेहमीच्या आकारात मोठ्या पात्याला लॉक नसतं. फळं, दोरी, पट्टी कापायला तो उत्तम. त्याचं टोक खुपसून जोर लावू नये.

फ्रान्सच्या सावोय भागात जोसेफ ओपिनेल यांनी १८९० मध्ये बनवलेला लाकडी मुठीचा चाकू याहून साधा. १९५५ मध्ये त्याला मुठीच्या तोंडाशी फिरणारी पोलादी कडी बसली; ती फिरवली की पातं जागचं हलत नाही. आठ नंबरचं पातं साडेआठ सेंटिमीटरचं, आणि वजन खिशाला जाणवू नये इतकं कमी. पावसाळ्यात मात्र लाकूड फुगतं आणि पातं मुठीतून निघता निघत नाही. आमच्याकडच्या पावसाचा विचार करता हा दोष लहान नाही.

रानात मुक्काम करायचा असेल तर मी घडीचा चाकू नेतच नाही, म्यानातला नेतो. ज्याला सांधाच नाही, तो मिटणार कुठून? स्वीडनच्या मोरा गावचे प्लास्टिक मुठीचे चाकू या कामात नावाजलेले आहेत: सुमारे दहा सेंटिमीटरचं पातं, जाडी अडीच-तीन मिलिमीटर. इथे बघायचं ते पातं मुठीत किती खोल गेलंय. १९८२ च्या 'फर्स्ट ब्लड' चित्रपटात जिमी लाइल यांनी घडवलेला पोकळ मुठीचा सुरा होता, आणि त्यानंतर तशा स्वस्त नकलांचा बाजारात पूर आला. मूठ पोकळ म्हणजे पात्याचं शेपूट आखूड. जोर पडला की नकली सुरा नेमका तिथेच तुटतो. त्या मुठीतल्या काड्या आणि गळ सॅकच्या कप्प्यातही मावतात.

आता पोलाद. आपल्या भाषेत पात्याला 'पाणी' असतं, आणि हा शब्द किती नेमका आहे ते आठवडी बाजारात घिसाड्याच्या भात्यापाशी बसलं की कळतं. ट्रकचा जुना कमानपाटा तापवून, ठोकून तो पात्याला आकार देतो. मग लालभडक पातं बुडवलं जातं; चर्र आवाज होतो आणि पोलाद काचेसारखं कडक होतं. तसंच ठेवलं तर काचेसारखंच फुटेल. म्हणून ते पुन्हा मंद आचेवर शेकायचं. चाकूच्या घासलेल्या पात्यावर गवताच्या काडीचा पिवळा रंग चढला की थांबायचं. तो रंग साधारण २०० ते २४० अंश सेल्सिअसला येतो. पाणी कमी पडलं तर धार वळते, जास्त झालं तर तुकडा उडतो. पात्यावर नुसतं 'स्टेनलेस स्टील' छापलेलं असेल आणि पोलादाचा प्रकार सांगितलेला नसेल, तर मी तो चाकू घेत नाही.

कार्बन पोलाद दगडावर लवकर धार धरतं, पण गंजतं. कांदा-लिंबू चिरून तसंच ठेवलं की काळं पडतं. कोकणात आणि पावसात फिरणाऱ्यांनी स्टेनलेसच घ्यावं. कार्बनचं घेतलंच, तर पुसून खोबरेलाचा हात फिरवा आणि घरी आल्यावर ते चामड्याच्या म्यानात ठेवू नका. चामडं ओल धरतं.

फांद्या तोडणं हे चाकूचं काम नव्हे. त्यासाठी कमरेच्या आकडीतला कोयता आहे आणि तो गावकऱ्याच्या हातात शोभतो. पात्यावर दगड मारून लाकूड फोडायचे व्हिडिओ बघून पुष्कळांनी चांगले चाकू मोडले आहेत.

२००३ च्या एप्रिलमध्ये अमेरिकेतल्या युटाच्या एका घळीत अॅरन राल्स्टन या गिर्यारोहकाचा हात दगडाखाली अडकला. पाच दिवसांनंतर त्यांनी हाताची हाडं मोडून, स्वस्तातल्या मल्टिटूलच्या पात्याने हात कापून सुटका करून घेतली. ते पातं दगड टोकरण्यात बोथट झालं होतं. कुठे जातोय हेही त्यांनी कुणाला सांगितलं नव्हतं. मला यातलं दुसरं अधिक महत्त्वाचं वाटतं. चाकूच्या आधी घरी वाट आणि परतीची वेळ सांगून ठेवा, शिट्टी, टॉर्च आणि पाणी घ्या.

धारेसाठी कुरुंदाचा दगड हवा. पातं दगडावर काटकोनात उभं धरा, तो कोन निम्मा करा, पुन्हा निम्मा करा. वीस अंशांच्या जवळ आलात. दुसऱ्या बाजूला बोटाला बारीक खरखर लागेपर्यंत घासा, मग बाजू बदला. शेवटी जुन्या चामडी पट्ट्यावर उलट दिशेने फिरवा. बोथट चाकूला जास्त जोर लागतो, आणि जोर लावलेला हातच सटकतो.

कायद्याचंही नीट समजून घ्या. नऊ इंचांहून लांब किंवा दोन इंचांहून रुंद पात्याचा सुरा, घरगुती वा शेतीकामाचा नसेल तर, १९५९ च्या शस्त्र कायद्याच्या कक्षेत येतो. महाराष्ट्र पोलीस अधिनियमाच्या कलम ३७ खाली बंदी आदेश निघतो, तेव्हा लहान चाकूवरही आक्षेप येऊ शकतो. विमानात केबिनमध्ये चालत नाही. आणि ट्रेकर सहसा विसरतात ती गोष्ट: १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यात शस्त्राच्या व्याख्येत चाकू आहे, आणि लेखी परवानगीशिवाय शस्त्र घेऊन अभयारण्यात जाता येत नाही. भीमाशंकर अभयारण्य आहे, कळसूबाई-हरिश्चंद्रगडही. तिकडे निघाला असाल तर आधी वनखात्याला विचारा, नाहीतर चाकू घरी ठेवा आणि कांदा कापूनच न्या.