बिग सॅमन: आडवाटेने युकॉनच्या रानात

कॅनडाच्या वायव्येला, युकॉन प्रदेशात कनू घेऊन जाणारे बहुतेक जण व्हाइटहॉर्स शहरातूनच पाण्यात उतरतात. विमानतळ जवळ आहे, कनू भाड्याने देणारी दुकानं गावातच आहेत, आणि युकॉन नदी तिथून थेट डॉसनपर्यंत नेते. 715 किलोमीटरची युकॉन रिव्हर क्वेस्ट ही वल्हवण्याची शर्यतही याच पट्ट्यात होते. दुसरी सोयीची जागा जॉन्सन्स क्रॉसिंगला, अलास्का महामार्गाच्या पुलाजवळ, टेस्लिन नदीवर. दोन्ही वाटा सुंदर आहेत आणि पहिल्यांदा जाणाऱ्याने त्यांतलीच एक निवडावी. पण अनुभव गाठीशी असेल आणि आठवडाभर माणूस दिसला नाही तरी चालेल अशी तयारी असेल, तर तिसरी एक वाट आहे. क्वाएट लेक नावाच्या तलावातून निघायचं, बिग सॅमन नदीने युकॉनला मिळायचं आणि कारमॅक्स गावी बाहेर पडायचं. एकूण अंतर साधारण 350 किलोमीटर.

नदी इतकी देखणी असूनही गर्दी नाही, याला कारण तिच्यापर्यंत जाणारा रस्ता. आणि माझ्या मते या सफरीची निम्मी आखणी त्या रस्त्यापाशीच ठरते.

क्वाएट लेकपर्यंत

व्हाइटहॉर्सहून अलास्का महामार्गाने जॉन्सन्स क्रॉसिंग सुमारे सव्वाशे किलोमीटर. तिथून डावीकडे साउथ कॅनोल रस्ता सुटतो. तलावाच्या उत्तर टोकाकडचा तळ त्या रस्त्यावर जवळपास शंभर किलोमीटर आत आहे. रस्ता खडीचा, अरुंद आणि वळणांचा. पाऊस झाला की चिखलाचा.

हा रस्ता प्रवाशांसाठी केलेलाच नव्हता. दुसऱ्या महायुद्धात अलास्काला इंधन कमी पडेल या भीतीने अमेरिकी सैन्याने नॉर्मन वेल्सच्या विहिरींचं तेल व्हाइटहॉर्सला आणायचं ठरवलं. 1942 ते 1944 या काळात डोंगर ओलांडून नळवाहिनी टाकली गेली आणि तिच्यासाठी हा रस्ता झाला. 1945 मध्ये वाहिनी बंद पडली, रस्ता उरला. हिवाळ्यात तो बंद असतो आणि उन्हाळ्यातही एखाद्या पुरात वाहून गेलेल्या मोरीमुळे अडू शकतो. म्हणून निघण्याच्या आदल्या दिवशी युकॉन सरकारची रस्त्यांची स्थिती पाहणं अत्यावश्यक आहे.

भाड्याची मोटार घेऊन जायचा विचार असेल तर करारपत्र नीट वाचा. खडीच्या रस्त्यांवर गाडी नेण्यास अनेक कंपन्यांची मनाई असते. शिवाय गाडी क्वाएट लेकला ठेवली तर कारमॅक्सहून ती आणायला पुन्हा तेवढाच वळसा. व्हाइटहॉर्समधल्या कनू भाड्याने देणाऱ्यांकडूनच माणसं आणि कनू सोडून घ्यावी. खर्च जास्त वाटतो, पण चारजणांत वाटला की झेपतो. आणि रस्त्याची ताजी खबर असलेला चालक मिळतो, हा फायदा पैशात मोजण्यासारखा नाही.

शेवटापासून मागे मोजा

बहुतेकजण पहिल्या दिवसापासून पुढे मोजतात. अशा नदीवर उलटं करावं. कारमॅक्सला कोणत्या दिवशी पोचायलाच हवं, ते आधी लिहा. त्याआधीचे सुमारे 115 किलोमीटर युकॉन नदीचे. प्रवाह जोरात आणि रुंद, दोन-तीन दिवस पुरतात. त्याआधी तलाव धरून बिग सॅमनचे सुमारे 240 किलोमीटर, त्यांतल्या नदीला सहा ते सात दिवस. त्याआधी क्वाएट लेक, सँडी लेक आणि बिग सॅमन लेक हे तीन तलाव, एक ते दोन दिवस. या सगळ्यावर किमान दोन दिवस रिकामे ठेवा. वारा, पाऊस, कुणाची दुखरी मनगटं यासाठी ते लागतातच. परतीचं विमान कारमॅक्सला पोचण्याच्या दुसऱ्याच दिवशीचं काढू नका. घड्याळ मागे लागलं की माणूस थांबायला हवं तिथेही पुढे जातो, आणि अशा नदीवर तेच सगळ्यात धोक्याचं आहे.

नकाशावर एक खूण ठळक करा: बिग सॅमन लेक. तिथवर मागे फिरता येतं आणि तलावावर तरंगतं विमानही उतरू शकतं. तलाव सोडून नदीत शिरलात की प्रवाहाविरुद्ध कनू मागे नेणं जवळपास अशक्य. बिग सॅमनच्या बाजूने रस्ता नाही. म्हणून त्या तलावाकाठी एक मुक्काम ठेवा आणि प्रत्येकाला मोकळेपणाने विचारा: पुढे जायचं का? कुणी बिचकत असेल तर त्याचं ऐका.

कागदी नकाशे हवेतच. कॅनडाच्या स्थलदर्शक नकाशांच्या मालिकेत हा मार्ग 105 एफ, 105 ई, 105 एल आणि 115 आय या पत्रकांवर येतो. ते 1:2,50,000 प्रमाणाचे आहेत. वळणावळणाच्या वरच्या भागासाठी त्यांतली 1:50,000 ची पत्रकं घ्या. जीपीएसवर विसंबून कागद घरी ठेवू नये, कारण नदी पात्र बदलते आणि बॅटरी थंडीत लवकर उतरते.

कधी जावं

तलावांवरचा बर्फ जूनमध्ये वितळतो. त्याच सुमारास बर्फाचं पाणी नदीला चढतं, वेग वाढतो आणि काठची झाडं पात्रात कोसळतात. जुलैचा मध्य ते ऑगस्टअखेर हा काळ मला सर्वांत योग्य वाटतो. पाणी उतरलेलं असतं, मुक्कामाला खडीची बेटं उघडी पडतात आणि उजेड भरपूर असतो. जूनच्या शेवटी तिथे दिवस जवळपास 19 तासांचा असतो. ऑगस्ट सरता सरता डास कमी होतात, पण रात्री पाणी गोठू लागतं. सप्टेंबरचे रंग अप्रतिम असतात, मात्र तेव्हा सोबत अनुभवी माणूस हवाच.

आपल्याकडे कोलाडला कुंडलिकेवर राफ्टिंग केलेले पुष्कळ आहेत. तिथे वीजप्रकल्पातून सोडलेलं पाणी ठरल्या वेळी येतं, राफ्टमध्ये मार्गदर्शक असतो आणि नदीला समांतर रस्ता असतो. त्यातून पाण्याची ओळख नक्की होते. पण बिग सॅमनची पातळी वरच्या डोंगरात काल किती पाऊस झाला यावर ठरते, आणि ती तुम्हाला कुणी सांगणार नाही. संध्याकाळी काठावर पाण्याच्या कडेला एक काटकी खोचून ठेवावी. सकाळी ती पाण्यात बुडालेली दिसली तर त्या दिवशी दुप्पट सावध राहावं.

वरच्या भागातली पडलेली झाडं

या नदीवर मोठे धबधबे नाहीत, कनू खांद्यावर घेऊन चालावं लागेल अशा ठरलेल्या जागाही नाहीत. हे वाचून अनेकांना नदी सोपी वाटते. तिचा खरा धोका पहिल्या टप्प्यात, तलाव सोडल्यानंतरच्या अरुंद वळणांत आहे.

वळणावर पाणी बाहेरच्या काठावर आदळतं आणि मुळांखालची माती कोरतं. स्प्रूसचं झाड आधी पाण्यावर आडवं झुकतं, मग मुळांसकट पात्रात येतं. एक अडकलं की वाहत आलेले ओंडके त्याला अडतात आणि ओंडक्यांचा बांधच तयार होतो. पाणी फांद्यांच्या जाळीतून निघून जातं. माणूस आणि कनू मात्र जाळीवरच दाबले जातात. लाट उलटवते तेव्हा माणूस पाण्याबरोबर पुढे वाहतो. इथे तो एकाच जागी पाण्याखाली धरला जातो. लाइफ जॅकेट घातलेलं असूनही जीव जाऊ शकतो, तो असाच.

म्हणून काही गोष्टी अंगवळणी पडायलाच हव्यात. वळणाच्या आतल्या बाजूने, उथळ पाण्यातूनच जायचं, कनू खडीला घासली तरी चालेल. पुढचं दिसत नसेल तर वळणाआधीच काठाला लागायचं आणि चालत जाऊन पाहायचं. प्रवाहाला तिरकी धरून, उलटं वल्हवत कनू एका काठावरून दुसऱ्या काठाकडे सरकवण्याचा सराव दोघांना झोपेतही जमावा इतका हवा. आणि गेल्या वर्षीच्या प्रवासवर्णनात बांध डावीकडे होता म्हणून यंदाही तिथेच असेल असं मुळीच धरू नये. एका पुरात सगळं बदलतं.

बांध ओलांडावा लागलाच तर आधी सामान, मग कनू, मग माणसं, सगळं काठावरून. दोन कनू असतील तर दुसरीने पहिलीचा इशारा मिळाल्याशिवाय पुढे यायचंच नाही. एकट्या कनूने ही नदी करू नये, असं माझं ठाम मत आहे.

सोबत काय हवं

कॅनडाच्या नियमानुसार कनूत प्रत्येकाच्या मापाचं लाइफ जॅकेट, किमान 15 मीटर लांबीचा तरंगणारा दोर, पाणी उपसायचं भांडं किंवा पंप आणि शिट्टी लागते. जॅकेट अंगात घातलेलं असावं. कनूत पडलेल्या जॅकेटचा उपयोग नाही. जास्तीचं एक वल्हं घ्या. कपड्यांचा एक पूर्ण जोड जलरोधक पिशवीत ठेवा, तोही लोकरी किंवा कृत्रिम धाग्याचा. ओला सुती कपडा इथल्या थंड पाण्यात अंगातली ऊब शोषून घेतो.

मोबाइल चालणार नाही. उपग्रहावरून संदेश पाठवणारं यंत्र घ्या आणि मार्ग, माणसं, पोचण्याची तारीख व शोध कधी सुरू करावा हे घरच्या एका विश्वासू माणसाकडे लेखी द्या.

अस्वलासाठीचा मिरचीचा फवारा आणि शेगडीचं इंधन विमानातून नेता येत नाही, अगदी मालसामानातूनही. दोन्ही व्हाइटहॉर्सला घ्या आणि परतीआधी तिथेच सोडा.

अस्वलं आणि आपला स्वयंपाक

इथे काळी अस्वलंही आहेत आणि ग्रिझलीही. टोरांटो-कॅलगरीतले मराठी गट अशा सफरींना निघतात तेव्हा डब्यात पोहे, मुगाची खिचडी, मेतकूट हटकून असतं, आणि ते चांगलंच आहे. सुक्या शिध्याचं वजन कमी आणि पोटाला आधार मोठा. पण लसणाची फोडणी दूरवर सांगून येते. चूल तंबूपासून शंभरेक पावलं दूर, वाऱ्याच्या खालच्या बाजूला मांडा. सर्वांत उत्तम म्हणजे दुपारीच गरम जेवून घ्यायचं, भांडी घासायची आणि मग तासभर पुढे जाऊन झोपायची जागा पाहायची. अन्न, टूथपेस्ट, साबण, सगळं अस्वलाला न उघडणाऱ्या पिंपात, तंबूबाहेर. झाडीतून चालताना बोलत राहा. अचानक समोर आलेलं अस्वल घाबरतं, आणि घाबरलेल्या अस्वलापासूनच खरा धोका असतो.

ज्या माशाच्या नावाची नदी

चिनूक सॅमन बेरिंग समुद्रातून युकॉन नदीने चढत इथवर अंडी घालायला येतात. बिग सॅमनच्या मुखाजवळ 2005 पासून सोनारने त्यांची मोजणी होत आली आहे. संख्या इतकी घटली की 2024 मध्ये अलास्का आणि कॅनडाने युकॉनमधल्या चिनूकच्या मासेमारीवर सात वर्षांची बंदी मान्य केली. या माशावर पिढ्यान्‌पिढ्या जगलेल्या आदिवासी समाजांनी घरचा हिस्सा सोडून दिलेला आहे. अशा वेळी पाहुण्याने गळ टाकण्याचा प्रश्नच येत नाही. ग्रेलिंग माशासाठी युकॉनचा परवाना घेऊन मासेमारी करता येते. नियम दरवर्षी पाहावेत. जुलैअखेर-ऑगस्टमध्ये उथळ खडीत साफ केलेले फिकट पट्टे दिसले तर ती अंड्यांची जागा असते. तिथे कनू ओढू नये, पाय ठेवू नये.

नदी जिथे युकॉनला मिळते, तिथे जुन्या बिग सॅमन गावातल्या लाकडी घरांचे अवशेष आहेत. लिटल सॅमन/कारमॅक्स फर्स्ट नेशनचा हा मुलूख. त्यांचा अंतिम करार 1997 मध्ये झाला. अवशेषांना हात लावू नये, काही उचलू नये, आणि घरांत मुक्काम करू नये.

कारमॅक्सला

युकॉनच्या रुंद पात्रात आलात की वल्हं सैल पडतं. तरीही मधोमध न जाता काठ हाताशी ठेवा; दुपारचा वारा समोरून आला की लाटा उठतात. क्लोंडाइक महामार्ग नदीच्या जवळ येतो तो कारमॅक्सच्या अलीकडेच. गावात नदीकाठी तळ आहे, तिथे कनू सोपवता येते. व्हाइटहॉर्स तिथून महामार्गाने सुमारे 175 किलोमीटर. कपडे वाळत घालण्याआधी, जेवणाआधी, घरच्या त्या माणसाला पोचल्याचा संदेश पाठवा. नाहीतर ठरल्या तारखेला शोधपथक निघेल.