बारीक अंगकाठी, तरीही हृदयाला जपा!

“डॉक्टर, मी किडकिडीत, त्यात शाकाहारी. मला कसला आलाय हृदयविकार?” शनिवार पेठेत ओंकारेश्वराच्या बाजूला फिरायला गेलो की असे कुणीतरी म्हणतेच. दुसरे गृहस्थ म्हणतात, “आमच्या घराण्यातच आहे, पथ्य पाळून काय होणार?” हे दोन्ही समज मला सारखेच घातक वाटतात.

आधी अंगकाठीचे पाहू. पुण्याच्या के.ई.एम. रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे डॉ. जॉन युडकिन यांनी २००४ साली ‘लॅन्सेट’मध्ये स्वतःचीच मोजमापे प्रसिद्ध केली. उंचीच्या मानाने दोघांचे वजन सारखेच होते. अंगातील चरबी मात्र युडकिन यांची ९.१ टक्के, तर याज्ञिकांची २१.२ टक्के निघाली! म्हणून केवळ वजनकाट्यावर विसंबू नये. पोटाचा घेरही मोजावा. पुरुषांचा घेर ९० आणि स्त्रियांचा ८० सेंटिमीटरच्या आत असावा.

आता आनुवंशिकता. वडील वा भावाला पंचावन्नच्या आत, आई वा बहिणीला पासष्टच्या आत हृदयविकार झाला असेल तर आपला धोका वाढतो, हे खरे. परंतु ५२ देशांतील ‘इंटरहार्ट’ अभ्यासात (२००४) पहिल्या झटक्याचा सुमारे ९० टक्के धोका नऊ गोष्टींशी निगडित आढळला. त्यांत धूम्रपान, रक्तदाब, मधुमेह, रक्तातील चरबी, पोटाचा घेर, मनावरचा ताण, आहार, व्यायाम आणि मद्य यांचा समावेश होतो. यांतील बहुतेक गोष्टी आपल्या हातातल्या आहेत.

तिसरे भागीदार म्हणजे आतड्यातील जिवाणू. मटण, अंडी यांतील काही घटकांपासून ते एक द्रव्य तयार करतात. यकृतात त्याचे रूपांतर होते. हे रूपांतरित द्रव्य रक्तात जास्त असणाऱ्यांत हृदयविकार अधिक आढळला आहे. याउलट कडधान्ये, भाकरी, पालेभाज्या यांतील चोथ्यापासून हेच जिवाणू शरीराला हितकारक आम्ले बनवतात. मात्र शाकाहारी ताटातही रोज तळण, पापड, लोणचे असेल तर शाकाहाराचा फायदा उरत नाही. ज्वारीची भाकरी, मोडाची उसळ आणि रोज अर्धा तास भरभर चालणे, एवढे तरी करावे.

घराण्यात हृदयविकार असणाऱ्यांनी तिशीपासूनच रक्तदाब, साखर व चरबी तपासून घ्यावी. छातीत दाब, दरदरून घाम, हातात वा जबड्यात कळ आली तर “गॅस असेल” म्हणून ओवा चघळत बसू नका. १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवा.