डांबराच्या गोळीत काय असते?

ट्रंकेत पैठणीच्या घडीत ठेवलेली डांबराची गोळी काही महिन्यांत झिजते, कारण तिच्यातील नॅप्थलीन संप्लवनाने, म्हणजे द्रवरूप न होता थेट वायू बनून, हवेत मिसळते. रक्तातील तांबड्या पेशींना जपणाऱ्या 'जी-६-पीडी' या एन्झाइमची जन्मजात कमतरता असलेल्या बाळांमध्ये या वाफेने त्या पेशी फुटून रक्तक्षय व तीव्र कावीळ होऊ शकते. त्यामुळे ट्रंकेतून काढलेल्या दुपट्यात तान्ह्याला तसेच गुंडाळणे विशेष धोक्याचे ठरते. आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने २००२ मध्ये नॅप्थलीनचा समावेश '२ बी' गटात, म्हणजे माणसात कर्करोग घडवण्याची शक्यता असलेल्या पदार्थांत, केला.

तशाच दिसणाऱ्या काही गोळ्या पॅराडायक्लोरोबेंझीनच्या असतात व तेही '२ बी' गटातच मोडते. मिठाच्या संपृक्त पाण्यात नॅप्थलीन तरंगते, ही गोळी मात्र बुडते.