फळाचा वास उडाल्यावर उरतं काय?



आमच्या गटातल्या एका ताईंचं बांगड्यांचं दुकान आहे. लग्नसराईसाठी गटाचं कर्ज घेऊन त्यांना सेंटच्या बाटल्या भरायच्या होत्या. समोर दोन नमुने होते: एक पीच आणि मोगऱ्याचा, दुसरा सफरचंद आणि गुलाबाचा. हुंगले तर दोन्ही सारखेच गोड. पैसे मात्र एकाच मालापुरते. अशा वेळी निवड कशी करायची?

सेंटमध्ये सुगंधद्रव्य अल्कोहोलात मिसळलेलं असतं. फवारल्यावर आधी अल्कोहोल उडतं. मग साधारण पंधरा-वीस मिनिटांत फळाचा हलका वास बराचसा ओसरतो. फुलाचा वास काही तास राहतो आणि शेवटी चंदन, कस्तुरी, व्हॅनिला असा जड वास उरतो. म्हणजे दुकानात उभ्या उभ्या हुंगून घेतलं, तर जे आधी उडून जाणार त्यालाच आपण भुलतो.

म्हणून आम्ही पाच जणींनी सकाळी एका मनगटावर एक आणि दुसऱ्यावर दुसरा सेंट लावला. मनगटं एकमेकांवर घासली नाहीत, नाहीतर वास मिसळतात. वीस मिनिटांनी, दोन तासांनी आणि संध्याकाळी हुंगून पाहिलं. आपल्या नाकाला वासाची सवय होते, म्हणून एकमेकींनाही विचारलं. संध्याकाळी चौघींच्या हातावर मोगरा दरवळत होता, सफरचंदाच्या सेंटचा नुसता गोडवा उरला होता. ताईंनी मोगऱ्याचा माल भरला.

भावाचा हिशेबही करा. 30 मिलीची बाटली 240 रुपयांना म्हणजे मिलीला 8 रुपये. 50 मिलीची 350 ला म्हणजे 7 रुपये. पण लेबलही वाचा. 'ओ द परफ्यूम'मध्ये सुगंधद्रव्य साधारण 15 ते 20 टक्के असतं, 'ओ द टॉयलेट'मध्ये त्याहून कमी. त्यामुळे स्वस्त बाटली पुन्हा पुन्हा फवारावी लागली, तर ती महागच पडते. उत्पादनाची तारीख, बॅच नंबर आणि छापील किंमत नसेल तर माल घेऊ नका.

नवा सेंट आधी कोपराच्या आतल्या बाजूला थोडा लावून एक दिवस थांबा. खाज किंवा पुरळ आलं तर तो वापरू नका. चुलीजवळ, गॅसजवळ कधीही फवारू नका, कारण अल्कोहोल पेट घेतं. बाटली उन्हात न ठेवता कपाटात ठेवा, वास जास्त दिवस टिकेल.