अंड्यातील पिलास मदत केव्हा करावी?

कोंबडीचे अंडे उबण्यास २१ दिवस लागतात, हे बहुतेक शेतकऱ्यांस ठाऊक असते. विसाव्या-एकविसाव्या दिवशी कवचास बारीक छिद्र पडते व आतून पिलाचा आवाज येऊ लागतो. मग सात-आठ तास लोटले तरी पिलू बाहेर येत नाही, असे पाहून घरातील मंडळींचा धीर सुटतो. कोणीतरी नखाने कवच सोलू लागते. पिलू रक्तबंबाळ होऊन दगावते आणि दोष मात्र कोंबडीस दिला जातो.

छिद्र पडल्यावर पिलू स्वस्थ का पडते, हे समजून घेतले पाहिजे. अंड्यात वाढणारे पिलू कवचालगतच्या पापुद्र्यातील रक्तवाहिन्यांच्या द्वारे श्वसन करीत असते. बाहेर पडण्यापूर्वी ते प्रथम अंड्याच्या रुंद टोकाकडील हवेच्या पोकळीत चोच खुपसते; तेथे त्याची फुप्फुसे काम करू लागतात. ती हवा अपुरी पडली म्हणजे चोचीवरील कठीण टोकाने ते कवच फोडते. पुढील १२ ते २४ तासांत पापुद्र्यातील रक्त त्याच्या शरीरात परत जाते व उरलेला बलक बेंबीवाटे पोटात ओढला जातो. बाहेरून दिसणारा आळस हा आळस नव्हेच. हे काम पुरे झाले की पिलू हळूहळू वळत रुंद टोकाभोवती कवच कापते आणि टोपी उघडावी तसे ते टोक दूर सारून बाहेर येते.

तेव्हा पहिले छिद्र दिसल्यापासून २४ तास अंड्यास हात लावू नये. वेळ कागदावर लिहून ठेवावी. अंदाजाने मोजलेले तास नेहमीच जास्त भरतात. यंत्रात अंडी उबविली असतील तर झाकण वारंवार उघडू नये. कोरडी हवा आत शिरल्यास पापुद्रा वाळून पिलाच्या अंगास चिकटतो, व जे स्वबळावर निघाले असते तेही अडकते. खुडूक कोंबडी शेवटचे दोन दिवस घरट्यावरून सहसा हलत नाही, ती उगाच नव्हे.

मदतीचे प्रसंग मोजकेच आहेत. २४ तास उलटूनही छिद्र वाढले नाही व पापुद्रा वाळून तपकिरी झाला. छिद्र निमुळत्या टोकाकडे पडले व पिलाची हालचाल मंदावली. अथवा कोंबडी इतर पिले घेऊन घरट्यातून निघून गेली आणि छिद्र पडलेले अंडे थंड पडू लागले. या शेवटच्या प्रसंगी अंडे फोडण्याची घाई न करता ते प्रथम ऊबेत ठेवावे.

मदत करताना हात स्वच्छ धुवावेत. छिद्राभोवतीचे कवच ज्वारीच्या दाण्याएवढे काढून पापुद्र्यास कोमट पाण्यात भिजविलेल्या कापसाने ओल द्यावी. पाणी चोचीत जाऊ देऊ नये. ओला पापुद्रा पारदर्शक होतो. त्यात लाल शिरा दिसल्या किंवा रक्ताचा थेंब आला, तर तेथेच थांबून अंडे पुन्हा ऊबेत ठेवावे व काही तासांनी पाहावे. शिरा नसतील तर रुंद टोकाकडील कवच थोडे थोडे काढून डोके मोकळे करावे. उरलेले कवच पिलाने स्वतःच पायांनी ढकलावे. त्यास ओढून काढू नये.

एखाद-दुसऱ्या अंड्याऐवजी अनेक अंडी अशी अडू लागली, तर दोष उष्णतेत वा आर्द्रतेत शोधावा. यंत्रात शेवटचे तीन दिवस अंडी फिरविणे थांबवून आर्द्रता सुमारे ६५ ते ७० टक्के ठेवावी लागते.

सोडविलेले पिलू पूर्ण सुकेपर्यंत ऊबेतच असू द्यावे. पोटातील बलकावर ते दोन दिवस सहज तग धरते. म्हणून दाण्याची घाई नसते. कोंबडीखाली सोडावयाचे झाल्यास रात्री अंधारात सोडावे.